बडोद्यातली स्पोर्ट्स स्कॉलरशिप कन्सल्टन्सी : सही करण्याआधी सातवं पान वाचा (5 पैकी 2 तारे)

अलकापुरीतल्या एका स्पोर्ट्स स्कॉलरशिप कन्सल्टन्सीची सेवा आम्ही जुलै 2024 पासून सहा-सात महिने घेतली. फी 1,80,000 रुपये, तीन हप्त्यांत. नाव लिहीत नाही, कारण फीच्या परताव्याचं अजून पुरतं मिटलेलं नाही. मुलाला किंवा मुलीला खेळाच्या जोरावर अमेरिकेत पाठवायचं म्हणून जे आईवडील अशा ऑफिसची पायरी चढणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी एका सरकारी बँकेत 24 वर्षं कर्ज विभागात काढली. कागद वाचणं हेच माझं रोजचं काम. तरीही करारातलं सातवं पान मी सही करताना नीट वाचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्या धाकट्याचा जन्म अमेरिकेतला. हे तेव्हा तिकडे नोकरीला होते. तो तीन वर्षांचा असताना आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी परत आलो. नववीपासून तो वन्संकडे न्यू जर्सीला शिकायला गेला. इथे शाळेत आपला नेहमीचा फुटबॉल खेळायचा. तिकडच्या शाळेत अमेरिकी फुटबॉलच्या कोचनं त्याचा पाय पाहिला आणि त्याला किकर केलं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : संघात ढकलाढकली करणारे धिप्पाड गडी वेगळे आणि मोक्याच्या क्षणी येऊन दोन खांबांमधून चेंडू मारणारा किकर वेगळा. अंगानं बेताचा असला तरी चालतो, पण पाय आणि डोकं दोन्ही थंड हवं. अकरावीत त्यानं सामन्यात 47 यार्डांवरून गोल मारला, म्हणजे जवळजवळ 43 मीटर.

त्या जुलैत तो सुट्टीला आला तेव्हा रोज सकाळी सहाला हे आणि तो पोलो ग्राउंडवर जायचे. एक दिवस मीही गेले. रात्री पाऊस पडून गेलेला, गवतात पाणी. त्यानं लोखंडी छोट्या स्टँडखाली चेंडू उभा धरला, चेंडूची शिवण समोरच्या दिशेला वळवली, तीन पावलं मागे गेला, दोन पावलं डावीकडे. खाली बघून श्वास सोडला आणि मारला. आवाज असा आला की ओली चादर दगडावर आपटावी. चेंडू विजेच्या दोन खांबांच्या मधून, वरून गेला. क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून जवळ आली आणि विचारायला लागली, "आ रग्बी छे?" तो हसला आणि स्टँड त्यांच्या हातात देऊन कसं मारायचं ते दाखवायला लागला. हे सगळं सांगते, कारण पुढे जे कागदोपत्री झालं ते या पायाच्या कॉलेजातल्या चार वर्षांबद्दल होतं.

आता सेवा. काही कामं त्यांनी खरंच छान केली. त्याच्या किकचा तीन मिनिटांचा व्हिडिओ नीट कापून बनवला : प्रत्येक किकचं अंतर, हवेत किती सेकंद राहिली, कोणत्या सामन्यातली, सगळं पडद्यावर. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संघटना एनसीएए हिच्या पात्रता केंद्रात नोंदणी, 16 मुख्य विषयांची यादी, गुणांची सरासरी, हे त्या ऑफिसातल्या एका तरुण मुलीनं चोख केलं. रात्री अकराला मेसेज केला तरी उत्तर द्यायची. दोन तारे आहेत ते तिचे.

सप्टेंबरात व्हॉट्सअॅपवर ग्रुपमध्ये फटाक्यांची चित्रं आली : अभिनंदन, ऑफर आली! दक्षिणेतलं एक मोठं विद्यापीठ, टीव्हीवर सामने दिसणारं. घरात पेढे आले. मी ईमेल मागवून वाचला तेव्हा कळलं की ती "प्रिफर्ड वॉक-ऑन"ची जागा होती. म्हणजे संघात ये, सराव कर, पण फी तुझी तू भर. शिष्यवृत्तीचा एक डॉलर नाही. बँकेत आम्ही कर्जाचा अर्ज स्वीकारल्याची पोच देतो, तिला कोणी मंजुरीपत्र समजलं तर आम्ही लगेच थांबवतो. इथे त्यांनीच पोच हातात देऊन मंजुरी म्हणून पेढे वाटायला लावले.

तरीही पोराचे डोळे चमकत होते आणि आम्ही विचार करत होतो. मग वन्संचा फोन आला. "वहिनी, त्या कॉलेजच्या फुटबॉलवर एनसीएएची चौकशी चालू आहे म्हणे. इथल्या पेपरात आलंय. आरोपांची नोटीस पोचली आहे." आरोप काय, तर कोच आणि नव्या मुलांच्या भेटीगाठींना नियमानं बंदी असलेल्या काळात मुलांना बोलावणं आणि देणगीदारांकडून मुलांच्या घरच्यांना पैसे.

दुसऱ्या दिवशी बँकेतून हाफ डे काढून मी त्या ऑफिसात गेले. मुख्य सल्लागारांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "चिंता ना करशो बेन, ए तो जूना कोचनुं छे." जुन्या कोचच्या काळातलं आहे, नव्या मुलांना काही होत नाही. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. उन्हाळ्यापासून. व्हिडिओ कॉलवर कॉलेजच्या कोचनंही आमच्या मुलाला हेच वाक्य सांगितलं होतं, आणि आम्ही त्याला विचारलंच नव्हतं की कशाबद्दल बोलतो आहेस.

त्या रात्री मी वाचायला बसले ते तीन रात्री वाचत राहिले. हे "जुन्याचं आहे" म्हणणं तिकडे फार जुनं आहे. मिसिसिपी विद्यापीठ, ज्याला सगळे ओल मिस म्हणतात, त्याला 2016 च्या जानेवारीत आरोपांची नोटीस मिळाली. संघात येणाऱ्या नव्या मुलांच्या सह्या व्हायला थोडेच दिवस उरले होते. विद्यापीठाच्या माणसांनी मुलांना आणि पत्रकारांना सांगितलं की फुटबॉलमधलं बहुतेक प्रकरण आधीचे कोच ह्यूस्टन नट यांच्या काळातलं आहे. मुलांनी सह्या केल्या. वर्षभरानं दुसरी नोटीस आली आणि गंभीर आरोप तेव्हाचे कोच ह्यू फ्रीझ यांच्याच काळातले निघाले. नट यांनी 2017 मध्ये विद्यापीठावर दावा लावला आणि विद्यापीठाला माफी मागून तो मिटवावा लागला. पण मुलांचं काय? 2017 चा मोसम विद्यापीठानं स्वतःच बाउलशिवाय, म्हणजे मोसमानंतरच्या मानाच्या सामन्याशिवाय काढला. डिसेंबर 2017 मध्ये एनसीएएनं 2018 साठी आणखी एक वर्षाची बंदी घातली. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू, शे पॅटरसन 2016 मध्ये तिथे सही केलेल्यांतला. त्यानं वकील केला, आपली दिशाभूल झाली असं मांडलं आणि मिशिगनला जाऊन लगेच खेळायची परवानगी मिळवली. त्याला ते जमलं, कारण तो पॅटरसन होता. आमच्या किकरसाठी कोण वकील करणार?

कर्ज विभागात काम केलेल्या माणसाला यात एक गोष्ट फार टोचते. पैसे उचलणारा एक आणि हप्ते फेडणारा दुसराच. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पाहा. रेगी बुश तिथे 2003 ते 2005 खेळला. त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी घेतलेल्या पैशांबद्दलचा निकाल आला जून 2010 मध्ये : दोन वर्षं बाउलबंदी, तीन वर्षांत 30 शिष्यवृत्त्या कमी. तोवर बुश व्यावसायिक खेळाडू होऊन गेलेला, मुख्य कोच पीट कॅरल त्याच वर्षी जानेवारीत सिअॅटलच्या संघाकडे गेलेले. ज्या पोरांना शिक्षा भोगावी लागली ती 2005 मध्ये शाळेतच असतील. जामीनदारालासुद्धा आपण सही करताना विचारतो. त्या पोरांना तर कोणी कागदही दाखवला नव्हता.

सल्लागारांशी न्यायानं वागायचं तर त्यांचं एक म्हणणं खरं होतं, तेही लिहिते. ते म्हणाले, आता पूर्वीसारखी बंदी घालत नाहीत. बरोबर आहे. टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉलमध्ये 200 च्या वर नियमभंग सापडले, त्यातले 18 सर्वांत गंभीर पातळीचे, बरेचसे कोरोनात भेटीगाठी पूर्ण बंद असतानाचे. जुलै 2023 मध्ये निकाल आला : 80 लाख डॉलरहून जास्त दंड, पाच वर्षं देखरेख, माजी कोच जेरेमी प्रुइट यांच्यावर कॉलेजात काम करण्याबाबत सहा वर्षांचं बंधन. पण बाउलबंदी नाही, कारण ज्यांचा दोष नाही अशा खेळाडूंना शक्यतो शिक्षा होऊ नये असं एनसीएएच्या 2022 च्या नव्या घटनेत आलं आहे. शिवाय हल्ली मुलांना कॉलेज बदलणंही पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालंय. हे वाचून मला बरं वाटलं. मग पुढची ओळ वाचली : 28 शिष्यवृत्त्या कमी. ज्यांना त्या मिळाल्या असत्या त्या मुलांची नावं कुठल्याच निकालात येत नाहीत.

आणि शिष्यवृत्त्या कमी झाल्या की कात्री आधी कुठे लागते? वन्संनी न्यू जर्सीच्या शाळेतल्या कोचला थेट विचारलं. ते म्हणाले, जागा दहा कमी झाल्या की कुठलाही कोच आधी किकरची शिष्यवृत्ती मागे ठेवतो आणि वॉक-ऑन शोधतो. पुढे देऊ, पुढच्या वर्षी बघू, असं सांगतो. आमच्या मुलालाही कॉलेजच्या कोचनं नेमकं हेच सांगितलं होतं : दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती बघू. ज्या संघावर शिक्षेची तलवार लटकते आहे त्याच्या "दुसऱ्या वर्षी बघू"ला काय किंमत द्यायची, हे मला कन्सल्टन्सीकडून ऐकायचं होतं. त्यासाठीच तर पैसे दिले होते. (पुढे जून 2025 मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या समझोत्यानं, तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांत फुटबॉल संघ 105 जणांपुरता झाला आणि जागोजागी वॉक-ऑन मुलांवरच गदा आली. ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, त्याचा दोष मी त्यांना देत नाही.)

आता मोटेलची गोष्ट, जिच्यामुळे मला झोप लागेना. ऑक्टोबरात मुलानं कॉलेज बघायला जायचं ठरलं, आपल्या खर्चानं. सल्लागार म्हणाले, तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च कशाला करता, त्या गावात आपल्या ओळखीचे मोटेलवाले आहेत, बडोद्याचेच. ते कॉलेजच्या संघाला दरवर्षी देणगी देतात, सामन्यांना त्यांची पुढची खुर्ची असते. ते तिकीट काढतील, ठेवून घेतील, कोचशी जेवणही घालून देतील. यात वाईट हेतू कोणाचाच नसावा. बडोद्याचं पोर परगावी आलं की चार दिवस ठेवून घ्यायचं, ही आपली रीतच आहे. हे तर खूष झाले.

मी होकार द्यायच्या आधी वाचलं म्हणून वाचलो. संघाला देणगी देणाऱ्याला तिकडे बूस्टर म्हणतात, आणि ज्या मुलाला कॉलेज घेऊ बघतंय त्याला बूस्टरनं तिकीट, राहणं, जेवण फुकट देणं हा सरळसरळ नियमभंग आहे. मुलाची पात्रता जाऊ शकते आणि कॉलेजच्या खात्यावर आणखी एक आरोप चढतो. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं फुटबॉल बूस्टरांच्याच पैशांनी बुडालं. खेळाडूंना चोरून पगार दिल्याबद्दल 1987 चा पूर्ण मोसम रद्द झाला, 1988 मध्ये विद्यापीठानं स्वतःच संघ उतरवला नाही, आणि त्यानंतरचा पहिला बाउल सामना त्यांना खेळायला मिळाला तो 2009 मध्ये. अलीकडचं हवं असेल तर जानेवारी 2024 मध्ये फ्लोरिडा स्टेटला शिक्षा झाली. तिथल्या एका सहायक कोचनं एका खेळाडूला गाडीत घालून बूस्टरकडे नेलं होतं, एवढ्यावरून प्रकरण सुरू झालं. आणि इथे आमचा सल्लागार चहा पिता पिता तेच जुळवून देत होता, तेही चौकशी चालू असलेल्या कॉलेजात!

मी घरी सांगितलं तेव्हा हे पहिल्यांदा चिडले. "एवढं काय, आपलीच माणसं आहेत." मग मुलालाच फोन लावला. तो म्हणाला, "आई, मला वॉक-ऑन चालेल. पण माझ्यामुळे संघाला शिक्षा झाली असं नको." सतरा वर्षांचं पोर. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. तिकीट आम्ही काढलं, राहिला तो वन्संच्या मैत्रिणीकडे.

त्या धक्क्यानं मी करार पुन्हा काढला आणि सातव्या पानावर आले. कलम 11, बारीक अक्षरात : विद्यार्थ्यास मिळालेल्या पहिल्या वर्षाच्या क्रीडा शिष्यवृत्तीच्या 10 टक्के रक्कम "यश शुल्क" म्हणून देय राहील. सही करताना मला ते रास्तच वाटलं होतं. काम झालं तर दलाली, घराच्या व्यवहारात देतोच की आपण. पण एनसीएएच्या नियमात हीच नेमकी लक्ष्मणरेषा आहे. मुलाची माहिती कॉलेजांना पाठवणाऱ्या सेवेला ठरावीक फी द्यायला हरकत नाही. फी जर शिष्यवृत्तीसह जागा मिळवून देण्याशी बांधली असेल, तर ती सेवा एजंट ठरते, आणि एजंट केलेल्या मुलाची पात्रता धोक्यात येते. टक्केवारीचा करार म्हणजे आम्ही आमच्याच हातानं पोराच्या पायात बेडी घातली होती. लाखांत फी घेणाऱ्या, भिंतीवर अमेरिकी कॉलेजांचे झेंडे लावणाऱ्या ऑफिसला हा नियम माहीत नसेल तर ते वाईट, आणि माहीत असेल तर फार वाईट.

कलम काढून टाकायला त्यांनी पाच आठवडे लावले. आधी म्हणाले सगळेच असं घेतात. मग म्हणाले तोंडी समजा काढलं. मी लेखी दुरुस्तीवर अडून बसले, तारखेसह, दोघांच्या सह्यांसह. ती दुरुस्ती आम्ही स्वतः पात्रता केंद्राला पाठवली आणि आधी काय होतं तेही लपवलं नाही. तीन आठवडे घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मग उत्तर आलं की पैसे त्या कलमाखाली दिले गेलेले नसल्यानं पात्रतेला बाधा नाही. त्या संध्याकाळी मी सूरसागरच्या काठावर जाऊन नुसती बसले होते.

कॉलेजबद्दल म्हणाल तर मी तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या विभागाला, सरळ ईमेल लिहिला. प्रत्येक कॉलेजात हा विभाग असतो आणि पालकाला लिहायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. विचारलं : नोटीस आली आहे का, आरोप कोणत्या वर्षांचे आहेत, त्यातले कोच अजून तिथे आहेत का, आणि निकाल माझ्या मुलाच्या चार वर्षांत येऊ शकतो का. दोन दिवसांत स्वच्छ उत्तर आलं. नोटीस आली आहे. आरोपांतले दोन सहायक कोच अजून नोकरीत आहेत. निकाल कधी येईल सांगता येत नाही, पण तुमचा मुलगा इथे असताना येण्याची शक्यता आहे. सात महिन्यांत मिळालेलं सर्वांत प्रामाणिक पान ते, आणि त्याला एक पैसा लागला नाही. जुन्या गंभीर प्रकरणांचे निकाल एनसीएएच्या साइटवर कोणालाही बघता येतात. सरकारी विद्यापीठ असेल तर बऱ्याच राज्यांत तिथल्या माहिती कायद्याखाली नोटिशीची प्रतही मागता येते, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखीच. आपण घर घेताना तीस वर्षांचा टायटल सर्च काढतो, शेत घेताना सातबारा बघतो. पोराची चार वर्षं देताना इतकं तरी बघावं.

आम्ही त्या कॉलेजला नाही म्हणालो. मुलगा आता पेनसिल्व्हेनियात डिव्हिजन टूच्या, म्हणजे एनसीएएच्या दुसऱ्या पातळीच्या, एका छोट्या कॉलेजात आहे. तिथे पूर्ण फुटबॉल संघात मिळून 36 शिष्यवृत्त्यांइतकेच पैसे वाटता येतात, त्यातला छोटा तुकडा त्याला मिळाला, बाकी अभ्यासावरची मदत. स्टेडियम लहान, टीव्ही नाही. पहिल्याच मोसमात तो खेळला. मोठ्या कॉलेजच्या चौकशीचा निकाल अजून लागलेला नाही. माझ्या मुलाबरोबरच त्या कॉलेजनं विचारलेला एक किकर तिथे गेला आणि दोघं अजून एकमेकांना व्हिडिओ पाठवतात. त्या मुलाचं भलं होवो असं मनापासून वाटतं.

कन्सल्टन्सीकडे तिसरा हप्ता मी भरला नाही. आधीच्या 1,20,000 पैकी 50,000 परत मिळाले, चार महिन्यांनी आणि अकरा ईमेलनंतर. आणखी 30,000 देणार असं लेखी कबूल केलंय. हल्लीच्या करारात यश शुल्काचं कलम नाही, असं त्या तरुण मुलीनं मला फोनवर सांगितलं. तुम्ही जाणार असाल तर तरीही सातवं पान उघडून बघा. बाकीचे पैसे आले की इथेच तारखेसह लिहीन.